शेवटच्या तासाचं मत

मागच्या खेपेला रॉयचन हरला तो चिठ्ठीवर. कोट्टयमकडच्या त्या वॉर्डात मतं समसमान पडली, चिठ्ठी काढली आणि नाव निघालं वत्सला टीचरचं. तेव्हापासून एकेका मतासाठी त्याचा जीव टांगणीला. म्हणून मतदानाच्या चार दिवस आधी आईला, म्हाताऱ्या शोशाम्माला, ताप भरला तेव्हा त्याने कुणाला कानोकान खबर लागू दिली नाही. तपासणीत कोविड निघाला असता तर मतपत्रिका घरपोच आली असती. पण घरावर कोविडची पाटी लागली असती आणि याचा प्रचार बसला असता. असला हा पोटचा गोळा.

मतदानाच्या सकाळी म्हातारीला धाप लागली. आता तपासणी टळेना. कोविड निघाला. असा ऐन वेळी निघालेल्यांनी मत द्यायचं ते केंद्रावर, शेवटच्या तासात, बाकीच्यांची रांग संपल्यावर.

"तालुक्याला खाट मिळतेय," ॲम्ब्युलन्सवाला सुकू रॉयचनला म्हणाला. "आत्ताच निघू या, अच्चाया."

"मत देऊन निघू."

"संध्याकाळपर्यंत खाट कोण राखून ठेवणार?"

"तू गाडी चालव, डोकं नको चालवू."

दुपारभर ॲम्ब्युलन्स मतदानाच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहिली, पुढे सुकूशेजारी रॉयचन. नखशिखांत प्लास्टिकच्या पोशाखात शोशाम्मा घामाने निथळत होती.

"मोने, माझ्या बाळा, चल ना रे. श्वास पुरत नाही."

"झालंच, अम्मची. आपली निशाणी छत्री. लक्षात आहे ना?"

रांग सरली. दोन नर्सनी तिला धरून आत नेलं आणि तशीच बाहेर आणली.

"छत्रीच दाबलीस ना?"

"टीचरला दिलं," म्हातारी थांबत थांबत म्हणाली. "काल माझं कण्हणं ऐकून तिने कुंपणापलीकडून विचारलं, अम्मची, ताप कधीपासून आहे? तू एकदा तरी विचारलंस?"

रॉयचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गाडीतून खाली उतरला. "घेऊन जा हिला," सुकूला म्हणाला आणि कार्यकर्त्यांत जाऊन उभा राहिला.

तालुक्याची खाट गेली होती. सुकूने गाडी पुढच्या गावाकडे दामटली, पण म्हातारी वाटेतच गेली.

मोजणीत रॉयचन एकसष्ट मतांनी निवडून आला. आईच्या मताची त्याला गरजच नव्हती.

चौकात आभाराचा फलक लागला. वर शोशाम्माचा हसरा फोटो आणि खाली ओळ, 'अम्मचीने शेवटच्या श्वासाने मुलाला मत दिलं.' ओळ रॉयचननेच सांगितली होती. फलक उघडल्यावर ती मोठ्याने वाचून सगळ्यांत आधी रडला तोही तोच.