माझ्या तळाची साक्ष

मी बादली बोलतेय. जस्ती पत्र्याची, कडीला लाकडी मूठ असलेली, परभणीच्या अनंतराव वकिलांच्या घरची. मोरीत बसणारीला कुणी बोलायला सांगत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी एक खटला जिंकून दिलाय, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

हैदराबादच्या एका कारखान्यात ठोकून ठोकून मला आकार दिला. तिथून मी एका बड्या अंमलदाराच्या घरी गेले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तसा तो अंमलदार परभणीतलं बिऱ्हाड गुंडाळून निघाला. जाताना आपली काळी मोटार अनंतरावांना विकून गेला. तिच्या डिकीत मी होते, म्हणजे मोटारीबरोबर आंदण आले म्हणा ना! मोटारीला सगळ्यांनी ओवाळलं आणि मला मोरी दाखवली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

अंबिकाबाई म्हणजे वकिलांची बायको. सातवी पास, हाताला चपळ आणि जिभेला त्याहून चपळ. खंडेनवमीला मोटारीची पूजा ठरली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पारोशी मोटार पुजायची का? आधी अंघोळ घालते तिला." पितळेचा बंब जिने लखलखता ठेवला, तिला मोटार ती काय अवघड? त्यांनी चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि मोटारीचं नाक बंबासारखं खसाखसा घासून काढलं. मी शेजारी भरून उभी होते. काळा रंग पाण्याबरोबर माझ्यात उतरायला लागला.

अनंतराव बाहेर आले आणि मटकन पायरीवर बसले. अंबिकाबाईंनी सरळ सांगितलं, "चुकलं माझं. पुन्हा राख लावणार नाही." विषय तिथंच मिटला. रंगारी बोलावून मोटार नवीन रंगवून घेतली आणि दिवाळीत तीच मोटार घेऊन भाऊबीजेला सोनपेठला, अंबिकाबाईंच्या माहेरी जायचं पक्कं झालं. मोटारीतून माहेरी! बाईंनी लुगडंसुद्धा काढून ठेवलं.

आता मोटार धुवायचं काम वकिलांनी स्वतःकडे घेतलं. धोतर खोचायचं, गाणं गुणगुणायचं, फडकं माझ्यात बुचकळायचं. आधी चाकं पुसायची, मग त्याच पाण्यात फडकं पिळून मोटारीचं नाक आणि पुढची दारं पुसायची; मागच्या दारांपर्यंत पोचायच्या आधीच ते दमायचे. आमच्याकडची काळी माती कशी असते ते सांगायला नको. ती माझ्या तळाशी बसायची, फडकं तळाला जाऊन तिला उचलायचं आणि वकील मोठ्या प्रेमानं ती नव्या रंगावर गोल गोल चोळायचे. मी कडी वाजवून वाजवून थकले. पण बादलीची कडी वाजली तर माणसं फक्त तिला बाजूला सरकवतात.

व्हायचं तेच झालं. मानवतचे कापसाचे व्यापारी माणिकराव घरी आले होते. उन्हात मोटार दाखवताना वकिलांना पुढच्या दारांवर आणि नाकावर बारीक ओरखड्यांची जाळी दिसली.

"अगं ए, पुन्हा राख लावलीस?"

"नाही हो. हातसुद्धा लावला नाही."

"मग काय मोटारीनं स्वतःला घासलं? गुन्हा साबीत आहे." आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "माणिकराव, दिवाळीनंतर तुम्हीच घेऊन जा. आमच्या घरात ही टिकत नाही. असली मोटार घेऊन सोनपेठला तर मी मुळीच जाणार नाही."

परक्या माणसासमोर! अंबिकाबाई आत आल्या. मोटार जायचं दुःख होतंच, पण खोटेपणाचा शिक्का बसला हे त्यांना जास्त लागलं. मोरीत येऊन त्या तांदूळ रोवळायला बसल्या. डोळ्यांतून पाणी, हात मात्र सवयीनं फिरत होते. तांदूळ वर वर निघत होता आणि खडे खाली बसत होते. अचानक त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला उचललं आणि माझ्या तळाशी बोटं फिरवली. बोटं काळी झाली, कचकचली.

"अगं बाई," त्या मला म्हणाल्या, "तू तर साक्षीदार निघालीस!"

जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याशी बोललं.

मग माझ्या अंगावर दागिने चढवायची धांदल उडाली. आधी त्यांनी वेताची रोवळी माझ्यात उपडी घातली. ती तरंगून वर आली आणि डोकं काढून बघायला लागली. डब्याचं भोकं पाडलेलं झाकण खडखड करायचं. शेवटी त्यांनी फळीवरून पुरणाची पितळी चाळण काढली. दिवाळी तोंडावर असताना पुरणाची चाळण! ती माझ्यात उपडी अशी चपखल बसली की मला नाकात नथ घातल्यासारखं वाटलं. खाली माती, वर स्वच्छ पाणी, मध्ये चाळण. फडकं आता तळाला जाणारच नव्हतं. माझं बूड मातीत टेकू नये म्हणून त्यांनी मला चुंबळीवर बसवलं आणि चाकांसाठी वेगळी घागर ठेवली.

राहिलं फडकं. घोंगड्या विकायला येणाऱ्या बानूबाई धनगरणीला त्यांनी कोकराची मऊ लोकर मागितली.

"कुनाला वं, पोराच्या उशीला?"

"नाही बाई, मोटारीला."

"मोटारीला? थंडी वाजायलीय का तिला?" बानूबाई पोट धरून हसली, पण लोकर घेऊन आली.

माणिकराव मोटारीचा सौदा ठरवायला पुन्हा आले, त्या दिवशी अंबिकाबाई पदर खोचून अंगणात उभ्या राहिल्या. "मागची दोन दारं अजून कोरी आहेत. एक तुमी धुवा तुमच्या रीतीनं, एक मी धुते. मग काय तो निकाल द्या."

वकील हसत तयार झाले. चाळण काढून त्यांनी माझ्यात फडकं बुचकळलं, चाक पुसलं, दार पुसलं. मग बाईंनी मला विसळलं, चाळण बसवली आणि लोकरीनं हलक्या हातानं आपलं दार धुतलं. दोन्ही दारं वाळली. वकिलांच्या दारावर ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं. दुसऱ्यात माणिकरावांची टोपी, तिच्या घडीसकट!

"पण पाणी तर स्वच्छ दिसायलंय, माती कुठंय त्यात?" वकील अजून अडून बसले.

बाईंनी चाळण उचलली, दार धुताना तळाशी बसलेली चिमूटभर रेती बोटांवर घेतली. "तुमच्या चष्म्यावर चोळू का?"

वकिलांनी दोन्ही हातांनी चष्मा धरला. माणिकराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग वकील खाली मान घालून म्हणाले, "मामला खारीज. मुलजिम बाइज्जत बरी." म्हणजे निजामाच्या कोर्टाच्या भाषेत, आरोपी सन्मानानं निर्दोष.

"आळ चारचौघांत घेतला होता," अंबिकाबाई म्हणाल्या, "सुटकाही चारचौघांत सांगायची. माझ्या माहेरी."

भाऊबीजेला आम्ही सोनपेठला गेलो. हो, आम्ही! मी डिकीत होते, चाळणीसकट. गावाबाहेर मोटारीनं माझ्याकडून अंघोळ केली आणि आरशासारखी लखलखत गावात शिरली. अंबिकाबाईंचा भाऊ बापू म्हणाला, "दाजी, धुतली कुणी एवढी?" सगळी गल्ली जमली होती. अनंतरावांनी घसा साफ केला. "तुमच्या बहिणीनं. आणि हिच्यावर मी खोटा आळ घेतला होता. चूक माझी होती." अंबिकाबाई तेव्हा ज्या तोऱ्यानं मोटारीतून उतरल्या, तो तोरा मला थोडासा माझाही वाटला.

मोटार विकली गेली नाही. आता महाराष्ट्र झालाय, मोटार म्हातारी झालीय आणि माझं बूडही एकदा बदलून झालंय. पुरणासाठी नवी चाळण आली, जुनी माझ्याकडेच राहिली. खंडेनवमीला गंध-फूल आधी मला लागतं, मग मोटारीला. हा वकिलांचाच हुकूम आहे.

तुमच्याही घरात कुठेतरी मोरीत माझी बहीण असेल. माझी एवढी विनंती ऐका. घरातल्या माणसावर बोट दाखवण्याआधी, तिला एकदा तिरकी करून तळ बघा.