तोंडी कलम

धनंजय आमच्या चिपळूणचा. म्हणून त्याच्याशी लेखी करार करायचीच माझ्या नवऱ्याला, अनिलला, लाज वाटत होती. "गावच्या माणसाकडे शिक्का मागायचा?" असं तो मला म्हणे. पण धंद्याच्या लायसन्सवर अनिलचं नाव चढवायचं तर करार अरबीत हवा आणि सही नोटरीसमोर हवी. तेव्हा अठ्ठ्याण्णव साली एका सकाळी आम्ही तिघं दुबईत नोटरींसमोर बसलो.

पाणी शुद्ध करायच्या मशिनींच्या धंद्यातला आपला अर्धा हिस्सा धनंजय विकत होता. अनिल त्यासाठी नोकरी सोडणार होता. नोकरीबरोबर व्हिसा जाणार, आणि मिळेल ती ग्रॅच्युइटी मशिनींत जाणार. दुसरं काही आमच्याकडे नव्हतं.

"वहिनी, टेन्शन नको," धनंजय म्हणाला. "खपल्या नाहीत तर बनवणारी कंपनी मशिनी परत घेते. खलास."

नोटरी वयस्क अमिराती होते. अरबी मजकुरावर बोट ठेवून ते एकेक कलम वाचत आणि मग चक्क हिंदीत सांगत. धनंजयकडे बघून, अनिलकडे बघून, शेवटी माझ्याकडेही. माझी सही नव्हती तरी. बाहेर माणसं ताटकळली होती. ते घाई करेनात. इतकं लक्ष मी आधी एकाच ठिकाणी पाहिलं होतं, कॉलेजच्या लॅबमध्ये, आमच्या बाई ब्युरेटच्या नळीतून शेवटचे थेंब सोडत तेव्हा. मी ऐकत राहिले.

वाचून झाल्यावर त्यांनी शिक्का उचलला आणि अनिलला विचारलं, "इसने मुँह से क्या बोला, जो इधर नहीं है?"

अनिलला गावच्या माणसासमोर ते सांगवेना. मग मीच म्हणाले, "माल वापस लेंगे, ऐसा बोला."

"तो लिखो," ते धनंजयला म्हणाले.

"सर, वो तो कंपनी लेगी."

"कंपनी ने तुमको लिखके दिया?"

धनंजयने फाइल उघडली. पानं उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून उलटली. त्याचा चेहरा बघून मला कळलं की तो आम्हाला फसवत नव्हता. त्यालाही कुणीतरी असंच सांगितलं होतं.

"कंपनी का आदमी भी अपने रत्नागिरी का है," तो हळूच म्हणाला.

नोटरींनी शिक्का खाली ठेवला. त्यात राग नव्हता. "आज नहीं. पहले उससे लिखवाके लाओ, इन्शाल्ला."

बाहेर धनंजय पायरीवर बसला. "कंपनीच्या कागदावर मी गाडीच्या बॉनेटवर सही केली रे. असं कुणी विचारलंच नाही मला."

"ऊठ, गाढवा," अनिल म्हणाला. "आधी जेवू. मग त्या रत्नागिरीकराकडे जाऊ, तिघंही. राजीनामा राहू दे, उद्या मी कामावर आहे."

निघताना मी काचेतून आत पाहिलं. नोटरींसमोर आता दुसरी दोन माणसं बसली होती, आणि नोटरींचं बोट पुन्हा पहिल्या ओळीवर होतं.