शिवलेला खिसा

आमच्या बाबांचं एक विमान चुकलं होतं. त्याला एकेचाळीस वर्षं झाली, पण ते विमान अजून खाली उतरलेलं नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. वजनमापं तपासायच्या कचेरीत होते. तिथे शेजारच्या टेबलावर त्यांचा जिवलग मित्र बसायचा, सगळे त्याला ढब्बू म्हणत. कचेरीने दोघांना कसल्याशा शिक्षणवर्गाला पाठवायचं ठरवलं. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. आदल्या संध्याकाळी बाबांच्या नव्या कोटाचं बटण निघालं, म्हणून कोट घराखालच्या टेलर मास्तरांकडे गेला. आतल्या खिशात तिकीट ठेवलंय हे बाबा साफ विसरले. मास्तरांनी बटण लावलं, इस्त्री फिरवली आणि हाताच्या सवयीने आतला खिसा कच्च्या टाक्याने बंद करून टाकला. नव्या कोटाचे खिसे असेच बंद करून देतात, म्हणजे ते फुगत नाहीत.

विमानतळावर बाबांनी पँटचे खिसे उलटे केले, बॅग उपसली, मोजेसुद्धा झटकून पाहिले. आतल्या खिशात हात जाईना, तेव्हा त्यांना वाटलं, हा नुसता शोभेचा असणार. टाका लक्षात आला तो घरी परतल्यावर. ढब्बू पुढे गेला. जाता जाता ओरडला, "तू ये उद्या निवांत! खिडकीची जागा आता माझी!"

ते विमान पोचलंच नाही. समुद्रावर असताना वैमानिकाने सगळं ठीक असल्याचं कळवलं आणि मग काही नाही. बोटी जाऊन आल्या, विमानं घिरट्या घालून आली. साधी उशीसुद्धा सापडली नाही.

मी मास्तरांच्या दुकानात काज-बटणं करते. लग्नाआधीपासून माझा एक नेम आहे, उठल्यापासून दुपारी बारापर्यंत बोलायचं नाही. देवाला शब्द दिलाय, का दिलाय ते त्याला ठाऊक. पण त्यामुळे झालं काय, की आपलं म्हणणं कुणी मध्ये तोंड न घालता ऐकावं असं ज्याला वाटतं, तो सकाळचा आमच्या दुकानात येतो. आणि विमानाचा विषय निघाला नाही असा एक दिवस जात नाही.

पोस्टमनच्या मते वैमानिक कुणाच्या तरी प्रेमात होता. "वहिनी, प्रेमात माणूस सायकल पळवतो. ह्याच्या हातात विमान होतं, त्याने विमान पळवलं. कुठल्यातरी रानात उतरवलं आणि गेला तिच्याकडे."

"आणि बाकीचे प्रवासी? ते काय लग्नाला थांबले?" गणिताच्या बाई विचारायच्या. त्यांचं म्हणणं, विमानाला कुठेतरी बारीक भोक पडलं, आतली हवा गेली, सगळे झोपी गेले आणि इंधन संपेतो विमान आपलं उडत राहिलं. किती लांब, त्याचं वर्तुळ बाई मास्तरांच्या खडूने काढून दाखवत. एकदा ते वर्तुळ एका नवरदेवाच्या पँटच्या कापडावर निघालं. मास्तर दोन दिवस बाईंशी बोलले नाहीत.

मी देवापुढे हात जोडते तेव्हा त्या विमानातल्या माणसांनाही आठवते. जिथे असतील तिथे त्यांना सुखात ठेव, एवढंच म्हणते. जागा कुठली ते त्याच्यावर सोपवते.

खरी जुंपायची ती मात्र बाबा आणि मास्तर यांच्यात. मास्तर म्हणायचे, विमान सरळ समुद्रात गेलं. नवं गिऱ्हाईक आलं की बाबांकडे बोट दाखवून सांगत, "ह्या साहेबांना मी वाचवलंय. हातभर धाग्याने."

"वाचवलंय म्हणे!" बाबा स्टुलावरून उसळत. "ते विमान एका बेटावर उतरलंय. छान झाडं आहेत, गोड पाणी आहे. ढब्बू तिथे पाय पसरून बसलाय आणि मी इथे तुमच्या इस्त्रीची वाफ खातोय. तुमच्या टाक्यापायी!"

"एकेचाळीस वर्षांत एक बोट गेली नाही होय त्या बेटावर?"

"नकाशावर नाहीये ते."

लोक हसायचे. पण मला दोघांचं कळायचं. मास्तरांचे आभार मानायचे तर विमान बुडालं असं मान्य करावं लागतं. आणि खिडकीत ढब्बू बसला होता. बाबा त्याला बुडू द्यायला तयार नव्हते.

मास्तरांचा जीव मात्र एवढ्याशा गोष्टीत अडकला होता. परवा एकटी असताना मला म्हणाले, "सूनबाई, उद्या सकाळी मी विमानाने जातोय. डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा जात नाही. लेक म्हणते, तिच्याकडेच राहा. जाईन. पण साहेब एकदा म्हणाले असते ना, की मास्तर, तुमच्यामुळे मी आहे, तर बरं वाटलं असतं. तुम्ही नका सांगू हं त्यांना." सांगणार कशी? सकाळचे दहा वाजले होते.

आयुष्यभर दुसऱ्यांचे कोट शिवलेल्या मास्तरांनी प्रवासासाठी स्वतःला पहिल्यांदा कोट शिवला होता, राखाडी; सुईत दोरा मी ओवून दिला होता. तिकीट आणि ओळखपत्र आतल्या खिशात ठेवून कोट दुकानातल्या खुंटीला टांगला. संध्याकाळी निरोप घ्यायला लोक येत-जात होते. बाबाही बराच वेळ एकटे दुकानात बसले होते.

जायच्या दिवशी नऊ वाजता मी कोटाची बटणं एकदा तपासायला घेतली. अस्तर उलटून पाहते तर आतल्या खिशाचं तोंड शिवलेलं! कसलं शिवलेलं, एक टाका वर, एक खाली, मधेच ही एवढी गाठ. धागा हिरवा. माझ्या घरच्या डब्यातला.

मी वर पाहिलं. बाबा स्टुलावर बसून कपातला चहा फुंकत होते. चहा कधीच निवला होता.

साडेदहाला विमानतळावर न्यायला गाडी येणार होती. मी गुपचूप टाके उसवले असते, तर मास्तर हसत निघून गेले असते आणि मनातलं मनातच राहिलं असतं. तसंच ठेवलं असतं, तर विमान चुकलं असतं. बोलायची मला सोय नव्हती. मी उठले, कोट मास्तरांच्या मांडीवर उलटा पसरला आणि त्यांचं बोट धरून त्या टाक्यांवर ठेवलं.

मास्तरांना नीट दिसत नसलं तरी बोटांना सगळं दिसतं. "हे काय? असा टाका माझ्या दुकानात? ही शिलाई आहे की मुंग्यांची वरात?" मग बोट गाठीपाशी थांबलं. खिसा दाबून पाहिला, आत कागद कुरकुरला.

"साहेब."

"काय?"

"हे तुम्ही केलंत."

"मला शिवता येत नाही," बाबा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी!"

पोस्टमन दारात टपाल घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला.

"माझं विमान चुकवायला निघालात?" मास्तर म्हणाले. "का हो? तुमच्या हिशेबाने तर विमान बेटावर उतरतं. छान झाडं, गोड पाणी. मग मला जाऊ द्यायला काय झालं?"

"तिथे इस्त्री नाही मिळत," बाबा कपात बघत पुटपुटले. मास्तर हसले नाहीत. मग बाबांनी कप खाली ठेवला.

"बेट नाहीये, मास्तर. मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ढब्बू गेला. मीही गेलो असतो. माझं लग्न, माझा मुलगा, ही सून, काही काही झालं नसतं. सगळं तुझ्या त्या एका टाक्यामुळे झालं. काल हा कोट बघितला आणि वाटलं, हाही विमानात बसणार. म्हटलं, त्याने मला राखलं, आपण त्याला राखावं. सुईत दोरा घालायला अर्धा तास लागला."

बाबांनी मास्तरांना 'तू' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मास्तरांनी टेबलावरचं ब्लेड चाचपून बाबांच्या हातात दिलं. "उसवा आता. तुमचं काम तुम्हीच उसवा. अस्तर फाटलं तर बघा हं! आणि साहेब, घाई नको करायला. समुद्र फार मोठा आहे. माणसाने काढलेल्या नकाशातून एखादं बेट सुटूही शकतं."

"तुम्ही तर म्हणायचात, सरळ समुद्रात."

"मी कुठे बघायला गेलो होतो? मी शिंपी."

"आणि वैमानिकाचं प्रेम?" पोस्टमनने आशेने विचारलं.

"असेल, तेही असेल," मास्तर म्हणाले. त्या दिवशी त्यांना कुणाचंच खोटं पाडायचं नव्हतं.

बाबांनी टाके उसवले, अस्तराला फक्त एक ओरखडा आला. गाडी निघाली तेव्हा ते खिडकीशी वाकून ओरडले, "खिडकीची जागा माग!"

साडेचारला फोन आला. मीच घेतला.

"सूनबाई, पोचलो! साहेबांना सांगा, खिडकी मिळाली. आणि खाली समुद्रात एक बेट दिसलं. लहानसं. झाडं होती, आणि मधून धूर येत होता. कुणीतरी चहा टाकला असावा."

मी तसंच्या तसं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, मग खिडकीशी जाऊन आभाळाकडे पाहिलं. "चहा म्हणजे ढब्बूच," म्हणाले आणि हसले. "दुसऱ्या कुणाला करू देणार नाही तो."

जरा वेळाने गणिताच्या बाई आल्या, बाबांनी त्यांनाही ते बेट ऐकवलं. त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं आणि सांगितलं, की मास्तरांच्या विमानाच्या वाटेत समुद्र लागतच नाही, सगळी जमीनच आहे.

दुपार केव्हाच उलटून गेली होती. तरी तेवढ्यापुरतं माझं मौन मी वाढवलं, आणि बाईंनाही ओठांवर बोट ठेवूनच खूण केली.