मागे कोण?

दर शंभर वर्षांनी जगाला तारण्यासाठी एक महावीर जन्म घेतो. या खेपेचा महावीर नगरपालिकेच्या तीन नंबरच्या खिडकीसमोर फॉर्म भरून उभा होता.

आजवर सात गावांच्या विहिरींत उतरून सात राक्षस त्याने लोळवले होते. प्रत्येक गावात सत्कार झाला, आणि हार सुकायच्या आत कुणीतरी अदबीने विचारलं, "मग, निघणार कधी?" लोकांचं तरी काय चुकलं? ज्याला राक्षस पुरा पडला नाही, त्याच्या शेजारी बिऱ्हाड कोण करणार? आता आठवा राक्षस इथल्या पाण्याच्या टाकीत ठाण मांडून बसला होता, आणि गेल्या वर्षापासून महावीराचा उजवा हात थरथरत होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी असावं लागतं.

खिडकीतल्या कारकूनबाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं. "'मागे कोण' या रकान्यात रेघ मारलीत."

"कोणी नाही म्हणून."

"रेघ चालत नाही. टाकीत उतरणाऱ्याचा दोर वर त्याच्या घरच्याने धरायचा, असा इथला नियम आहे. परका माणूस हिसका बसला की सोडून पळतो. आजवर कोण धरायचं?"

"खांबाला बांधायचो."

"खांबाला! आणि आत काही झालं, तर खांब ओढणार होता तुम्हाला?"

सात वेळा तो खांबाच्या भरवशावर उतरला होता.

त्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं. "कुणी धराल का?"

"धरला असता हो," पहिला म्हणाला, "पण माझी कंबर..." दुसऱ्याला घरी विचारावं लागणार होतं. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की तो मुळी रांगेतच नव्हता. बघता बघता रांग विरघळली.

"राहू द्या," महावीर म्हणाला. "जातो तसाच."

"तसेच कसे जाल? अपुरा फॉर्म टेबलावर राहिला की मला जेवण जात नाही." बाईंनी रकान्यात काहीतरी खरडलं आणि खिडकी लावून घेतली. "चला."

रकान्यात 'मावशी' असं लिहिलं होतं.

टाकीच्या तोंडाशी मावशींनी दोराचे मनगटाला दोन वेढे घेतले. खालून फूत्कार आला, तशी लोखंडी शिडी हलली. महावीराच्या पायाला पहिली पायरी सापडेना.

"मावशी, भीती वाटते." उभ्या जन्मात हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं.

"मला नाही वाटत होय? म्हणून तर वेढे घेतलेत. मी घाबरून पळत सुटले, तर तुम्ही आपोआप वर याल."

तो तीन पायऱ्या उतरला. अंधार कमरेपर्यंत आला.

"मावशी, आहात ना?"

"आहे. आणि ते बूट तेवढे काढून द्या इकडे. पिण्याचं पाणी आहे."