सोमवारचा स्पीड

गेले तीन आठवडे हेगड्यांच्या घरानं माझं डोकं खाल्लं होतं.

शिरसीच्या पलीकडे सुपारीच्या बागांत सात वस्त्या आहेत. त्या सातही वस्त्यांचं इंटरनेट माझ्या गळ्यात. मी मब्ला नाईक. सुपारीच्या झाडांवरून तार मी नेतो, वानरांनी तोडली की मी जोडतो आणि शिव्याही मीच खातो. एरवी पाऊस पडेना म्हणून देवाला बोल लावणारी माणसं व्हिडिओ फिरत राहिला की मला फोन करतात.

हेगड्यांचा मुलगा विघ्नेश वर्षापूर्वी बेंगळूर सोडून बाग बघायला घरी आला. त्याची बायको चिन्मयी माडीवरच्या खोलीत बसून बेंगळूरच्या ऑफिसचं काम करते. पोरगी गुणी आहे, मला मब्लण्णा म्हणते. पण तिचा फोन आला की उचलावा की नको म्हणून मी नुसता बघत बसायचो.

"मब्लण्णा, सकाळी नेट परत रडत होतं."

"आता?"

"आता ठीक आहे."

अरे, मग मी काय करू! दुपारी जेवून जायचो, फोनवर स्पीड मोजायचो, तर शंभरच्या शंभर. तिथंच उभं राहून तिला सांगायचो, बघ, धावतंय की घोड्यासारखं. ती बिचारी वही पुढे करायची. सकाळी आठपासून साडेबारापर्यंत चार, सहा, तीन. दुपारी एकनंतर शंभर. आणि सोमवारी तर पार बोंब, एकसुद्धा धड नाही. मध्ये चार दिवस सकाळीही शंभर होतं. त्या चार दिवसांत तिच्या सासूबाई गोकर्णाला बहिणीकडे गेल्या होत्या, पण ते कुणाच्या लक्षात येणार? माझ्या तर मुळीच आलं नाही.

माझं सगळं शहाणपण पाजळून झालं. म्हटलं, सकाळी सगळे एकदम वापरतात, पाइप एकच आणि नळ पन्नास, मग धार बारीक होणारच. शेजारच्या भटांकडे बघितलं, तर त्यांचं सकाळी व्यवस्थित. म्हटलं, राउटर पितळेच्या हंड्यामागे ठेवलाय, लहरी अडतात. तो काढून खिडकीत ठेवला. म्हटलं, चिऱ्याच्या भिंती जाड आहेत. मग राउटरच बदलला, एकदा नाही, दोनदा. बागेतल्या एकेका झाडावर चढून जोड तपासले आणि तांबड्या मुंग्यांनी मांड्या फोडून काढल्या. खाली उतरलो तर वरदम्मा, म्हणजे विघ्नेशची आई, ओसरीवरून म्हणते, "मब्ला, तुला येत नसेल तर सांग बाबा, दुसरा कुणी बघू."

असा जीव जळला म्हणून सांगू!

रविवारी चिन्मयीचा फोन आला. आवाज बसलेला होता. "उद्या साडेदहाला साहेबांबरोबर मीटिंग आहे. तेवढी तुटली तर पुढच्या महिन्यापासून बेंगळूरला येऊन बसा म्हणालेत. विघ्नेश म्हणतो, मग दोघंही परत जाऊ. अम्मांना अजून सांगितलेलं नाही."

वरदम्माला हे कळलं असतं तर ती अंथरुणाला खिळली असती. पोरं परत आली तेव्हापासून ती दर सोमवारी नैवेद्य होईपर्यंत मौन पाळते, त्यांनी इथंच राहावं म्हणून. सगळ्या वस्तीला माहीत आहे.

सोमवारी दहालाच गेलो. आत वरदम्मा सोवळ्यात, मौनात, देवापुढे. चिन्मयी माडीवर, तोंड उतरलेलं. स्पीड एकसुद्धा नाही. तारेतला उजेड मोजायचं माझं यंत्र घरात लावलं, तर उजेड अगदी मरगळलेला. पळत बागेच्या कडेच्या खांबावर गेलो, तिथं लावलं, तर लख्ख. म्हणजे दुखणं खांब आणि घर यांच्यामधल्या ऐंशी पावलांत. आमच्या तारेत केसाएवढा काचेचा धागा असतो, त्यातून उजेड धावतो. तार फार मुडपली की उजेड तिथंच गळतो. पण मुडपणार कोण?

तारेवर नजर ठेवून घराच्या मागच्या अंगाला वळलो आणि जागीच उभा राहिलो.

माझ्या तारेवर नऊवारी लुगडं! शेजारी दोन पंचे. तिन्ही ठिबकत होती, तार पोटात खाली आली होती आणि वळचणीच्या हुकापाशी कोपरासारखी वाकली होती. रोज लुगडं, सोमवारी वर हे पूजेचे पंचे. दुपारी वाळून उतरले की तार सरळ, आणि मी दुपारी येऊन बघणार!

"अम्मा!" मी मागच्या दारातून ओरडलो. "हे काय आहे हे? तारेवर कपडे वाळत घालतात का कुणी?"

वरदम्मा बाहेर आली. बोलता येईना, तिनं हातवारे सुरू केले. सोवळं वाळत घालायच्या तुटलेल्या दांडीकडे बोट, मग वानरांची नक्कल, मग तीन बोटं, म्हणजे तीन आठवडे झाले, मग तारेकडे बोट, मग माझ्याकडे. माझ्याकडे का? आणि मग आठवलं. तार ओढली त्या दिवशी मीच तिला बजावलं होतं, "अम्मा, या तारेला घरातल्या कुणाचा हात लागता कामा नये." तिला आणखी काय हवं होतं! उंच, आणि कुणी शिवत नाही अशी तार. आता कपाळावर हात मारू की तिच्या पाया पडू?

"काठीनं उतरवा लवकर! साडेदहा झाले!"

ती हूं हूं करत मान हलवत राहिली. नैवेद्याआधी सोवळं उतरवायचं नाही, ओलं तर नाहीच नाही.

"अम्मा, वर तुमची सून नोकरी घालवून बसतेय. आज तुटलं की दोघं बेंगळूरला चालली!"

मला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. वरदम्माचं मौन तिथंच सुटलं.

"मग बघत काय उभा राहिलास मेल्या? काढ ते!"

"मी? मी शिवू?"

"काठीनं एकेक उतरवत बसले तर कधी व्हायचं? ओढ! पोरंच गेली तर सोवळ्यानं रांधून वाढू कुणाला?"

मी ओढलं. ओलं लुगडं, पंचे, सगळं अंगावर आलं. तार वर उडाली. माडीवरून चिन्मयीचा आवाज ऐकू आला, आधी अडखळत, मग सलग.

ते ओलं बोचकं जमिनीवर ठेवायची छाती होईना, म्हणून मी तसाच धरून उभा राहिलो, कोपरातून पाणी गळत होतं. वरदम्मा विहिरीवर गेली, तिनं दोन बादल्या डोक्यावरून ओतून घेतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मौन धरलं. देवघराकडे जाता जाता ती जिन्यापाशी थांबली. वर इंग्रजी चाललं होतं. तिनं हनुवटीनंच मला विचारलं, काय म्हणतेय?

"इथंच राहून काम करणार म्हणतेय, अम्मा. साहेब हो म्हणाले."

"नक्की?"

आणि जीभ चावून, अय्यो अय्यो करत, तिनं तिसऱ्यांदा बादली विहिरीत सोडली.