पाटी काढू नका

पानावर हात आडवा धरून कुणी "पुरे" म्हटलं, की आमच्या म्हाताऱ्याच्या अंगात यायचं. तो त्या हातावरच भात ओतायचा. जाडा, तांबडा, वाफाळता भात. गिऱ्हाईक ओरडायचं, हात झटकायचं, मग हसायचं आणि निमूट खायचं. "पुरे कोण म्हणतंय, पोट का हात?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी आतून कोकलायचे, "अहो, एखाद्याची बोटं भाजतील, मग बसाल निस्तरत!" पण ऐकेल तो सदाशिवन कसला.

घर आमचं केरळात, हरिपाडच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. पोर लहान होतं तेव्हा पुढच्या खोलीत बाकं टाकली आणि दुपारचं जेवण द्यायला लागलो. रांधायचे मी, वाढायचा तो. भात उतरला की तो 'ऊण तयार' अशी पाटी फाटकापाशी फणसाला टांगायचा. भात संपला की काढून आणायचा. जेवण तयार आहे एवढाच तिचा अर्थ, पण म्हाताऱ्याला ती देवाची आज्ञा. पाटी बाहेर असेतो जो पानावर बसला त्याला उठवायचं नाही, मग तो कुणी का असेना. आमचीच घागर पळवलेला चोर एकदा येऊन बसला. म्हाताऱ्याने त्याला दोनदा भात वाढला, ताक दिलं, हात धुवायला पाणी दिलं आणि मग मानगूट धरून चौकीवर नेलं.

असा माणूस, आणि पोटच्या पोराला त्याने पानावरून उठवलं. तेव्हा पाटी आत होती. रात्रीचं आमचं घरचं जेवण चाललं होतं. म्हातारा बैजूला म्हणाला, "उद्यापासून तू वाढायला लाग, माझे गुडघे दुखतात." बैजू तेव्हा विशीतला, नाकावर राग. म्हणाला, "लोकांची उष्टी पानं उचलायला मी जन्मलो नाही."

"मग हे पानही तुझं नाही," म्हातारा म्हणाला. "ऊठ. ह्या घरात पुन्हा जेवायला बसायचं नाही."

पोराच्या हातात घास होता. तो घास पानावर ठेवून उठला आणि गेला. मी मधे पडले नाही असं नाही, चांगली कडाकडा भांडले. पण बाप तसा लेक, दोघेही एकाच दगडाचे. सहा वर्षं तशीच गेली.

बैजू कोइंबतूरला जाऊन लॉरीवर लागला. आणि नशिबाची थट्टा बघा, त्याची लॉरी आमच्याच रस्त्याने जायची. सूत घेऊन कोल्लमला, काजू घेऊन परत. घरावरून जायचा, हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. पुढे तोट्टप्पळ्ळीच्या पुलापाशी दुसऱ्या कुणाच्या ओसरीवर बसून दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवायचा. मला हे कळलं मुत्तय्याकडून. मुत्तय्या म्हणजे त्याच्याबरोबरचा जुना ड्रायव्हर, तमिळ माणूस, ढेरी मोठी आणि मन त्याहून मोठं. तो आमच्याकडे जेवायला यायचा. बैजू तेवढा वेळ ताडीच्या दुकानामागे लॉरी लावून झोपायचा. हात धुवायला मागे विहिरीशी आला की मुत्तय्या मला 'चेची', म्हणजे ताई, म्हणत हळूच सांगायचा, "चेची, पोरगं वाळलंय. परवा पलक्काडला इडली खाल्ली, दगड परवडला. परत परत म्हणत होता, अम्माच्या मीन करीत, त्या माशाच्या कालवणात, काय असतं कुणास ठाऊक."

ते ऐकलं की माझा जीव तीळतीळ तुटायचा. लोकांची पोरं माझ्या हातचं चाटूनपुसून खाऊन जात होती, आणि माझं पोर ताडीच्या दुकानामागे उपाशी.

सहाव्या पावसाळ्यानंतर म्हाताऱ्याची छाती दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, जड काम बंद. त्याने फक्त विडी बंद केली, तीही माझ्यासमोरच. मग मी ठरवलं, आता थांबण्यात अर्थ नाही. मुत्तय्याला विहिरीशी गाठलं. "पुढच्या मंगळवारी त्याला घेऊन या. पाटी बाहेर असली की सरळ आत यायचं आणि बाकावर बसायचं, गिऱ्हाईक म्हणून. एकदा पान मांडलं की म्हातारा त्याला उठवूच शकत नाही. स्वतःच्या शब्दात अडकेल मेला."

"आणि तुमच्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं असलं तर?"

"तर मी पाटी आत घेईन, भात संपला म्हणेन. पाटी दिसली नाही तर थांबू नका, तसेच पुढे जा. तमाशा नको, त्याच्या छातीला सोसणार नाही."

मुत्तय्या हसला. "चेची, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. पोराला समजावून आणायचं माझ्याकडे लागलं."

सोमवारी संध्याकाळीच मी मीन करी केली. मातीच्या भांड्यातली, आंबट, लाल. ती रात्रभर मुरली पाहिजे. मंगळवारी पहाटे उठून कप्प्याचे कंद उकडले, पडवळाची भाजी केली, पापड तळले. म्हातारा दारात येऊन म्हणाला, "आज काय ओणम आहे?"

"गप बसा आणि पानं पुसा," मी म्हटलं.

तो हसत गेला. पानं पुसली, पाटी नेऊन टांगली, परत येऊन बाकावर बसला. म्हणाला, "सरसम्मा, जरा पाणी दे." मी तांब्या घेऊन आले तोवर मान एका बाजूला कलली होती. मी "अहो, अहो" करत राहिले. तांब्यातलं पाणी त्याच्या छातीवर सांडलं, तरी तो दचकला नाही.

पुढचं मला नीट आठवत नाही. शेजारी आले, बाकं अंगणात गेली, पुढच्या खोलीत त्याला निजवलं, उशाशी समई लागली. त्याची थोरली बहीण भार्गवीचेची पलीकडच्याच गल्लीतली, ती आली आणि तिने सगळा कारभार हातात घेतला. ती बाई मुळात रडायला नाही, रडणाऱ्यांना कसं रडायचं ते सांगायला जन्मलेली. मागे परसात कुऱ्हाड चालायला लागली. आमच्याकडे चितेला घरचाच आंबा तोडतात.

आणि अशात एक मोटार थांबली. नवरा, बायको, दोन मुली. नवऱ्याने फाटकाशी चपलांचा ढीग बघितला आणि बायकोला म्हणाला, "एवढी गर्दी आहे म्हणजे जेवण चांगलंच असणार." चपला काढून आत आला, अंगणातल्या बाकावर आमच्या दूधवाल्याशेजारी बसला, आणि त्यालाच विचारलं, "मासा तळलेला मिळेल का?"

मग त्या बाईला समई दिसली. तिने नवऱ्याचा दंड असा काही धरला की तो उठता उठता पडला. जाताना हात जोडून चारचारदा माफी मागत होते. एरवी म्हाताऱ्याने ही गोष्ट महिनाभर गिऱ्हाइकांना रंगवून सांगितली असती.

"पाटी तशीच आहे वाटतं बाहेर!" भार्गवीचेची कडाडली. "सतीशन, जा आधी काढून आण. घरात मढं आणि दारात जेवणाची पाटी. लोक शेण घालतील तोंडात."

सतीशन, तिचा मुलगा, उठला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आज मंगळवार. पाटी गेली तर लॉरी थांबणार नाही. माझं पोर बापाच्या दारावरून, बाप आत निजलेला असताना, हॉर्न न वाजवता निघून जाईल. आणि रस्त्यावरच्या लॉरीला निरोप कोण देणार? तेव्हा असे खिशाखिशात फोन नव्हते.

"पाटी काढू नका!" मी ओरडले आणि धावत सुटले. केस सुटलेले, पायात काही नाही. सतीशनच्या आधी पोचले आणि फणसाला पाठ लावून उभी राहिले.

"मामी, असं काय करता?"

"हात लावलास तर हात मोडीन."

"हिचं डोकं फिरलं," भार्गवीचेची ओसरीवरून म्हणाली. "आणा धरून तिला."

पण कुणाची छाती झाली नाही. मी तशीच उभी राहिले. किती लॉऱ्या गेल्या, प्रत्येक वेळी मान वर करून बघत होते. मनात एकदा असंही आलं, की आजच नेमकी बिघडली असेल तर? देवा, एवढं तरी नको.

निळी लॉरी आली, वेग कमी झाला. खिडकीतून बैजूने डोकं बाहेर काढलं. मिशी राखली होती पोराने. पाटी बघितली, मला बघितलं आणि तोंडभर हसला.

"अम्मा! म्हाताऱ्याने आज पाटीबरोबर तुलाही टांगलं की काय?"

त्याने उडी मारली, खिशातून कंगवा काढून केस विंचरले, बापासमोर जायचं म्हणून. चपलांकडे बघून म्हणाला, "बाप रे, धंदा जोरात आहे! बसायला जागा तरी मिळेल का आम्हाला?" मुत्तय्या मागून उतरला. त्याने अंगणाकडे बघितलं, माझ्या केसांकडे बघितलं, आणि गुडघ्यावर खोचलेली लुंगी मान राखायला हळूच खाली सोडली.

बैजू अजून हसतच होता. तेवढ्यात मागून कुऱ्हाडीचा घाव ऐकू आला. मग दुसरा.

"आंबा का तोडताय?" त्याने विचारलं. आणि विचारता विचारताच त्याचं तोंड उघडं राहिलं.

आत जाऊन तो बापाच्या पायाशी उभा राहिला. रडला नाही. भार्गवीचेची म्हणाली, "आलास? बाप जिवंत असताना नाही सुचलं. जा, विहिरीवर अंघोळ कर, ओलेत्याने ये. अग्नी तुलाच द्यायचाय." मग माझ्याकडे वळली. "आणि स्वयंपाकघरातलं ते सगळं अन्न खड्ड्यात ओता. मढ्याच्या घरातलं शिजलेलं खायचं नसतं."

मीन करी खड्ड्यात. रात्रभर मुरलेली. मी आत गेले, एक केळीचं पान उचललं, आणि पुढच्या खोलीत भिंतीशी, म्हाताऱ्याच्या पायांच्या बाजूला, जमिनीवर मांडलं. पाणी शिंपडलं.

"बस," मी बैजूला म्हटलं.

"सरसम्मे!" भार्गवीचेची किंचाळली. "कर्म करायचंय त्याला! उपाशी राहायचं असतं! आणि मढं समोर असताना—"

"मढं नका म्हणू," मी म्हटलं. "तो आहे अजून घरात. तो आहे तोवर हे घर त्याचं, आणि बाहेर पाटी त्याने स्वतःच्या हाताने टांगलीय. पाटी असताना आलेला माणूस ह्या खोलीतून कधी उपाशी गेलाय का? सांगा. चोर गेला नाही. तुम्ही त्याला उचलून नेलंत की घर माझं होईल. मग मी ह्याला रोज पंचपक्वान्नं वाढीन, पण ते माझं जेवण असेल. ह्याच्या बापाचं नाही."

"पाप लागेल."

"लागू दे मला. तुम्ही वाटून घेऊ नका."

"अम्मा, नको," बैजू पुटपुटला. "मला नाही जाणार."

"बस म्हणते ना."

तो खाली बसला. मुत्तय्या पुढे आला, ढेरी सांभाळत त्याच्या शेजारी मांडी घातली आणि म्हणाला, "चेची, मलाही पान द्या. मीही गिऱ्हाईकच आहे." देव त्या माणसाचं भलं करो.

त्या खोलीत मी कधी वाढलं नव्हतं. पानावर मीठ कुठे वाढायचं, भाजी कुठे, रांधून जन्म गेला तरी हात चाचपडत होते. भात वाढला, त्यावर मीन करी घातली. बैजूने कालवला. पहिला घास बराच वेळ तोंडात घोळत राहिला. मग गिळला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण हात थांबला नाही. मान खाली घालून भराभरा खात राहिला. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. भार्गवीचेचीने समईची वात पुढे सारली.

पहिला भात संपला. आता दुसरा भात विचारायचा. ते काम म्हाताऱ्याचं. मी भाताचं पातेलं घेऊन उभी राहिले आणि कशीबशी म्हणाले, "भात?"

बैजूने पानावर हात आडवा धरला.

मी पातेलं कलतं केलं, पण ओतवेना. भात केव्हाच निवला होता. पोराने हात मागे घेतला नाही. तसाच धरून ठेवला, पंजा उघडा, आणि माझ्याकडे न बघता बापाकडे बघत बसला. मागची कुऱ्हाड थांबली. सतीशन दारात येऊन म्हणाला, "मामी, लाकडं रचली. आता न्यायला हवं."

बैजूचा हात पानावर तसाच होता.