सुंदराबाईंचा अंगठा आणि माझा हिरवा दिवा

मित्रांनो, मरोळच्या एका सेवा केंद्राच्या ड्रॉवरमध्ये, वाळलेल्या पेनांशेजारी मी पडून आहे. मी अंगठा ओळखणारे एक जुने यंत्र. माझ्या काचेवर अंगठा टेकला आणि तो ओळखता आला, तर हिरवा दिवा लागे, नाहीतर लाल. केंद्र चालवणारे नंदकुमार मला रोज मऊ फडक्याने पुसायचे आणि सगळ्यांना सांगायचे, की माणूस खोटे बोलेल, पण हे यंत्र बोलणार नाही. मी फुगून जायचे.

मग करोना आला. बाजार बंद पडले आणि सरकारने शेतकऱ्यांना मदत जाहीर केली. सातबाऱ्यावर नाव हवे आणि महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे अंगठा जुळायला हवा, एवढीच अट.

सर्वांत आधी आले पार्ल्याचे चंद्रप्रकाश. कोकणात त्यांच्या नावावर काजूची बाग आहे. तिथे शेवटचे कधी गेलो, हे त्यांनाही आठवत नव्हते. खाली गाडी चालूच ठेवून ते वर आले आणि आपला मऊ, गुबगुबीत अंगठा त्यांनी टेकवला. मी लगेच हिरवे झाले.

"कागदावर शेतकरी आहोत ना यार, मग सोडायचं कशाला?" ते हसत म्हणाले.

मला किळस आली. पण दिवा माझ्या ताब्यात नव्हता.

त्यांच्या मागे सुंदराबाई उभ्या होत्या. मरोळच्या मागच्या उतारावर त्यांचा भाजीचा तुकडा आहे आणि तो त्या एकट्याच कसतात. गिऱ्हाईक नसल्याने दुधी वेलावरच जून झाले होते. पुढचे बियाणे या मदतीतूनच घ्यायचे होते. त्यांनी अंगठा टेकवला. लाल. पदराला पुसून पुन्हा टेकवला. लाल. नंदकुमारांनी क्रीम चोळून पाहिले, तरी लालच. खुरपे धरून धरून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या.

नंदकुमार माणूस म्हणून वाईट नव्हते. "मावशी, दहा-बारा दिवस मातीत हात घालू नका," ते म्हणाले. "रोज खोबरेल लावा. रेषा परत येतात."

"शेतकरी आहे हे दाखवायला शेतीच बंद ठेवू का, बाबा?"

नंदकुमार माझ्याकडे बघत राहिले, जणू तो नियम मीच केला होता. दुसरा मार्ग त्यांनाही ठाऊक नव्हता.

बाराव्या दिवशी सुंदराबाई परत आल्या. हातांना खोबरेलाचा वास येत होता. अंगठा टेकला आणि मी हिरवे झाले. नंदकुमारांनी टाळी वाजवली. सुंदराबाई मात्र हसल्या नाहीत. पाण्यावाचून माठाची भाजी करपली होती आणि भेंडीचे लाकूड झाले होते.

"अंगठा आला," त्या म्हणाल्या, "भाजी गेली."

मित्रांनो, त्या दिवशी मला चंद्रप्रकाशांची नाही, स्वतःची शिसारी आली. जोवर ती बाई शेतात राबत होती, तोवर मी तिला ओळखले नाही. हात रिकामे ठेवून बसली, तेव्हा कुठे माझ्या लेखी ती शेतकरी ठरली. आणि याच दिव्याचे कौतुक ऐकून मी फुगत होते!

आता केंद्रात डोळे ओळखणारे नवे यंत्र आले आहे. मला बाहेर काढून पुसा, असे मी म्हणणार नाही. पण उद्या तुमच्यापैकी कोणीतरी त्या टेबलामागे बसेल. तेव्हा समोर झिजलेला अंगठा आला, तर दिव्याकडे बघण्याआधी तो हात आपल्या हातात घ्या आणि नीट बघा. सुंदराबाईंच्या तळव्यावर सगळे लिहिलेले होते. मी फक्त अंगठा बघत राहिले.